चुंगडीभर धानाचा पास

पुरूभाऊंना गेम खेळता येत नसे. हे आधीच सांगून टाकते, कारण तीन टीव्ही, तीन मशीन आणि भिंतीवर तलवारी उपसलेल्या माणसांची पोस्टरं असलेल्या दुकानाचा मालक म्हटला की डोळ्यांपुढे भलताच कोणी उभा राहतो. हा माणूस पंचेचाळिशीचा, अंगात पांढरा सदरा, कानामागे सुतारकामाची पेन्सिल, आणि दुकानात बसायचा तो टीव्हीकडे पाठ करून. पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ते खेळणाऱ्यांकडे बघत. कोण पुढे सरकून बसलाय, कोणाचा पाय हलतोय, कोण आता उठणार.

"गेम पाहून काई समजत नाई, मॅडम. मानूस पाहून समजते," असं ते म्हणत. फुटबॉलचा सामना संपला की माणूस उठतो, एक आळस देतो, आणि मग ठरवतो आणखी खेळायचं की घरी जायचं. मारामारीच्या गेममध्ये हरला की उठतो. पण काही गेम असे असतात की त्यात उठायची जागाच नसते. एक दार उघडलं की दुसरं दिसतं. पुरूभाऊ अशा गेमला "न उठनारा" म्हणत. दुकानातल्या सगळ्या गेमची त्यांनी मनातल्या मनात अशी दोनच भागांत वाटणी केली होती, उठणारे आणि न उठणारे. अर्थशास्त्र शिकवून पोट भरणाऱ्या मला ही वाटणी कधी सुचली नव्हती.

मी मूळची सांगलीकडची. सावलीच्या कनिष्ठ महाविद्यालयात नेमणूक झाली तेव्हा नकाशात गाव शोधावं लागलं होतं. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाणाऱ्या रस्त्यावर, बसस्थानकासमोर पुरूभाऊंचं घर. खाली दुकान, वर माझी खोली, मागच्या बाजूला ते, त्यांची बायको वनिताताई आणि वडील सोमाजीबाबा. सोमाजीबाबा सुतार. इकडे वाढई म्हणतात. दुकानातल्या खुर्च्या बापलेकांनी मिळून सागाच्या केल्या होत्या, आणि त्या इतक्या सोयीच्या होत्या की न उठण्यात त्यांचाही वाटा असावा असा मला संशय आहे.

सुतारकी पुरूभाऊंनी कधीच सोडली होती, पण हात सोडत नव्हता. कोणत्याही वस्तूवर ते आधी वीत टाकत. टीव्ही अडीच वीत, माझी पुस्तकांची पेटी तीन वीत, एकदा तर आमच्या प्राचार्यांशी बोलता बोलता त्यांच्या स्कूटरच्या सीटवर वीत टाकून झाली. प्राचार्यांना वाटलं हा माणूस सीट विकत मागतोय. मी हसले तर म्हणाले, "मापल्याबिगर मले चैन पडत नाई जी."

दुकान काढण्याआधी नऊ वर्षं ते चंद्रपूरला कोळशाच्या सायडिंगवर होते. मालगाडी आली की रिकामी करायची, रिकामी झाली की दुसरी यायची. कंत्राटदाराचं काम, त्यामुळे नाव हजेरीवर आज आहे, उद्या नाही. खोकला लागला, रुमालात काळं पडू लागलं, डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून उजेडात धरला आणि काही न बोलता पाकिटात परत घातला. डॉक्टर बोलले नाहीत याचीच पुरूभाऊंनी धास्ती घेतली. त्याच आठवड्यात ते सावलीला परत आले. दुकान चाललं पाहिजे, कारण नाही चाललं तर पुन्हा सायडिंग, एवढा साधा मामला होता. "काई बी करीन, पन कोळशावर जानार नाई," हे वाक्य मी सहा वर्षांत किती वेळा ऐकलं असेल. ते कुणाला बजावत नसत. चहा ओतताना, शटर उचलताना आपल्याशीच म्हणत.

सुरुवातीला दुकान तासावर चाले. खेळा, पैसे द्या, जा. आजूबाजूच्या गावांतली पोरं येत, ट्रॅक्टर चालवणारे येत, बसची वाट बघणारे सरकारी नोकर वीस मिनिटं फुटबॉल खेळून जात. वनरक्षक मडावीभाऊ तर गणवेशातच येत, टोपी मांडीवर ठेवत आणि न चुकता हरत. दुकानाची वेळ अकरा ते पाच. पाचनंतर आसपासच्या गावांकडे जाणारे रस्ते जंगलातून, आणि वाघ आता रस्त्याच्या कडेला बसू लागला होता. वनविभागाची गाडी भोंगा लावून सांगत फिरायची, सांज व्हायच्या आत घरी जा, एकटं जाऊ नका. त्यामुळे सगळं गिऱ्हाईक त्या सहा तासांत कोंबलेलं.

मग पास आला. म्हणजे आधी मशीन बनवणाऱ्या कंपनीचा आला. महिन्याचे ठरावीक पैसे कंपनीला भरायचे आणि शेकडो गेम हवे तितके खेळायचे, एकेक विकत घ्यायची भानगड नाही. असा पास घरी खेळणाऱ्यासाठी असतो, दुकानात चालतो की नाही हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या पासाच्या जोरावर पुरूभाऊंनी आपला स्वतःचा महिन्याचा पास काढला. सोमाजीबाबांना हे समजावायला किती वेळ लागेल याची मला उत्सुकता होती. एक वाक्य पुरलं.

"म्हंजे बलुतंच झालं न मंग," म्हातारा म्हणाला.

त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. वर्षभर गावातल्या घरांचे नांगर, वखर, बैलबंडीची चाकं दुरुस्त करायची, आणि धान घरात आलं की प्रत्येक घरानं ठरलेलं धान वाढयाच्या घरी पोचवायचं. नांगर दोनदा मोडो की दहादा, धान तेवढंच. घर जोडलेलं असे. बाप मेला तर मुलगा त्याच वाढयाकडे येई.

"मस्त हाय तुही कंपनी," सोमाजीबाबा म्हणाले. "जुने पुराने गेम बलुत्यात द्याले काई लागत नाई."

पण कंपनी जुन्यापुराण्यावर थांबली नाही. त्या वर्षीचा सगळ्यात मोठा गेम, ज्याच्या जाहिराती पोरं वर्षभर फोनवर बघत होती, तो बाजारात येईल त्याच दिवशी पासातही येणार अशी बातमी आली. बर्फाच्या प्रदेशातल्या किल्ल्याची गोष्ट होती. गावात त्याला नुसतं "बर्फवाला" म्हणत. विकत घ्यायचा तर एका गेमचे जेवढे पैसे पडत, तेवढ्यात पासाचे कितीतरी महिने निघाले असते. पुरूभाऊ जिना चढून वर आले. हातात फोन, कानामागची पेन्सिल हातात.

"मॅडम, हिसाब सांगा. बर्फवाला मी पासात देऊ का तासावर ठेवू?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि वहीच्या मागच्या पानावर आलेख काढला. मला तो आलेख अजून दिसतो. नव्या मालाचा ओढा मोठा असतो, त्याच्या ओढ्यानं पासवाले वाढतील, पासवाले वाढले की खर्च सगळ्यांत वाटला जाईल, असं मी फार छान समजावलं. जगातली एवढी मोठी कंपनी हेच करतेय, असंही म्हणाले. एका गोष्टीचा मला विसर पडला. कंपनीचा गेम एकाच वेळी लाखभर लोक आपापल्या घरी खेळले तरी तिला आणखी खुर्ची टाकावी लागत नाही. पुरूभाऊंकडे खुर्च्या तीन होत्या. बारावीच्या मुलानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी गुण कापले असते.

सोमाजीबाबा ओट्यावर बसून रंधा मारत होते. मुलानं खाली जाऊन त्यांना सांगितलं. मी जिन्यातच होते.

"बलुत्यात दुरुस्ती येते," म्हातारा रंधा न थांबवता म्हणाला. "नवी बंडी नाई येत. नवी बंडी पाह्यजे असन त वेगळे पैसे घ्याचे. आमी तसंच केलं."

"कंपनी देऊन राह्यली न बाबा नवी बंडी."

"काऊन देऊन राह्यली?"

"नवीन गिऱ्हाईक जोडायला," मी वरून म्हटलं.

"अन् घरं जोडून झाल्यावर मंग काय?"

पुरूभाऊ हसले, मीही हसले. म्हाताऱ्यानं मान हलवून रंध्याचं पातं पुसलं.

पुढची कल्पना मात्र माझी नव्हती. ती पुरूभाऊंची, आणि या मुलखाबाहेर कुणाला सुचली नसती. धान चुरून, म्हणजे मळून झालं होतं, घरोघरी चुंगड्या, आपल्याकडची पोती, भरून उभ्या होत्या. पोरांच्या हातात दर महिन्याला पैसे कुठले असणार? पण घरात धान होतं. पुरूभाऊंनी दुकानाबाहेर स्वतःच्या अक्षरात बोर्ड लावला: एक चुंगडी धान, वर्षाचा पास. बर्फवाला आणि वर्षभरात येईल तो प्रत्येक नवा गेम, पहिल्या दिवशी.

लोक पासावर तुटून पडले. सायकलवर, बंडीत, मोटरसायकलच्या टाकीवर आडव्या टाकून चुंगड्या आल्या. बापच घेऊन येत बरेचदा, आणि पोराकडे बोट दाखवून म्हणत, याले वर्षभर इथीच बसवा, जंगलाकडे फिरकला नाई पाह्यजे. पन्नासाच्या वर चुंगड्या झाल्या. दुकानात मावेनात म्हणून माझ्या जिन्यात रचल्या. मूल गावच्या राइस मिलची गाडी येईपर्यंत मी पंधरा दिवस कडेकडेनं वर चढत होते, आणि उंदरांनी माझ्या खोलीतल्या अर्थशास्त्राच्या दोन पुस्तकांचा फडशा पाडला. पुरूभाऊ इतके खूश होते की त्यांनी उंदरांनाही पास देऊन टाकला असता. धानाच्या पैशातून त्यांनी थकलेली दोन मशीन बदलली. वनिताताईंनी सगळ्या गावाला चहा पाजला.

बर्फवाला आला आणि पहिला आठवडा जत्रेसारखा गेला. तिन्ही मशीनवर तोच गेम, मागे उभे राहून बघणारे पंधरावीस. पुरूभाऊ सवयीप्रमाणे पाठ करून बसले होते, माणसं बघत. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा चेहरा उतरलेला दिसला.

"कोनी उठूनच नाई राह्यलं जी," ते म्हणाले.

बर्फवाला न उठणारा निघाला. तासावर असता तर सोनं होतं. पण पासवाल्याला उठायची गरज काय? त्याचे पैसे वर्षाचे आधीच देऊन झालेले. जो गेम माणसाला धरून ठेवतो तो तासावर असताना दुकान तारतो आणि पासावर तोच दुकान बुडवतो, हे त्यांना माझ्या आलेखाशिवाय समजलं. मग वीस मिनिटांची पाळी लावली. वीस मिनिटांत किल्ल्याच्या पहिल्या पुलापर्यंतच जाता येई, आणि पुलावर पोचलेला माणूस मशीन सोडायला तयार नसे. भांडणं होऊ लागली. पाचच्या आत सगळ्यांना घरी जायचं म्हणून दुपारी तीनला दुकानात जी झोंबाझोंबी चाले, ती मला वरच्या मजल्यावर पेपर तपासताना ऐकू येई.

आणि तासाचे पैसे देणारे? एका दुपारी मी दुकानाच्या दारात उभी होते. मडावीभाऊ येऊन बसले. टोपी मांडीवर. एक बस गेली, दुसरी गेली. तिसरी लागली तेव्हा ते उठले.

"पुरूभाऊ, आमच्याकडं वाघ बी दोन घंट्यानं उठून जाते. तुमच्या इथी मानूस उठत नाई."

सगळे हसले. पुरूभाऊसुद्धा. मडावीभाऊ त्यानंतर दुकानात आले नाहीत. ट्रॅक्टरवाले त्याआधीच बंद झाले होते. दुकान माणसांनी भरलेलं आणि गल्ला रिकामा, असं चार महिने मी बघितलं. रोज गॅलरीतून खाली वाकून त्या माणसाला "कसं चाललंय" असं विचारायची मला लाज वाटू लागली.

कंपनीची दुसरी बातमी उन्हाळ्यात आली. पुरूभाऊंनी फोन माझ्यापुढे धरला. "तुमी वाचा. मी हिंदीत वाचलं, पन मले वाटते मी चुकीचं वाचून राह्यलो."

चुकीचं वाचलं नव्हतं. पासाचे भाव वाढले होते. साध्या पासात आता जुने गेमच मिळणार होते. मोठा नवा गेम पहिल्या दिवशी हवा असेल तर वरचा पास घ्या, आणि तो जवळजवळ दुप्पट. मी त्यांना कारण समजावून सांगितलं. जे लोक नवा गेम पूर्ण किंमत देऊन विकत घेत होते, तेही पासावर येऊन बसले होते. तसला गेम बनवायला पैसा पाण्यासारखा लागतो, आणि नवे पासवाले तर आता वाढत नव्हते. कंपनीचेही मडावीभाऊ निघून गेले होते. सोमाजीबाबांच्या भाषेत घरं जोडून झाली होती.

म्हातारा आताशा अंथरुणालाच खिळलेला, खाटेवर पडून ऐकत होता. "मी म्हन्लं होतं," एवढंही तो म्हणाला नाही. मला वाटतं मुलाच्या तोंडाकडे बघून त्यांनी ते गिळलं.

पावसाळ्याआधी पुढचा मोठा गेम यायचा होता. तीन मशीनचे तीन वरचे पास म्हणजे दुकानाच्या ताकदीबाहेरची गोष्ट. मी म्हटलं, सरळ आहे, पासवाल्यांना सांगा. कंपनीनं नियम बदलला, तुमचा काय दोष?

"मी कंपनीचं नाव कुठी घेतलं होतं मॅडम? बोर्ड मी लिहिला. येईन तो गेम, असं मी लिहिलं."

तरी माझ्या आग्रहानं त्यांनी एका रविवारी लोकांना बोलावलं. दहाबारा बाप आले, त्यांच्या मागे पोरं. पुरूभाऊंनी सगळं सांगितलं, भाव सांगितले, हात जोडले. राहिलेल्या महिन्यांचं धान परत करतो म्हणाले. ते धान विकून आलेले पैसेही कधीच संपले होते, हे वनिताताईंना आणि मलाच माहीत होतं. जवळच्या गावचा एक म्हातारा उठला. त्याचं पागोटं अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

"धान वापस नाई मांगत आमी," तो अगदी मायेनं म्हणाला. "देल्लं ते देल्लं. तुह्या बापानं आमच्या घरचं वरीस कधी मधात सोडलं नाई. तू बी सोडू नोको. पुढच्या धानापर्यंत चालव बाप्पा."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणी आवाज चढवला नाही, कुणी शिवी दिली नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, निदान भांडून दुकान बंद करता आलं असतं. बलुत्याचं वर्ष अर्ध्यावर सोडणारा वाढई या गावांच्या आठवणीत एकच होता, आणि त्याच्या नातवंडांनाही अजून त्यावरून ओळखतात. लोक चहा पिऊन, पुरूभाऊंच्या पाठीवर हात ठेवून गेले. मला त्या सगळ्या भल्या माणसांचा मनापासून राग आला.

दुसऱ्या आठवड्यात पुरूभाऊ चंद्रपूरला गेले, सायडिंगवर.

दुकान बंद पडू नये म्हणून, म्हणजे कोळशावर जावं लागू नये म्हणून ते कोळशावर गेले. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. वनिताताई दुकानात बसू लागल्या. महिन्याच्या पगारातून वरचे तीन पास भरले गेले, नवा गेम पहिल्या दिवशी आला, पोरं खूश झाली. शनिवारी दुपारच्या गाडीनं पुरूभाऊ येत आणि रविवारी परत जात. आले की आधी दुकानात जाऊन जुन्या जागी, टीव्हीकडे पाठ करून बसत. पण आता त्यांचं माणसांकडे लक्ष नसे. डोळे मिटलेले असत. खोकला आला की उठून बाहेर रस्त्यावर जात, पोरांच्या खेळात व्यत्यय नको म्हणून. रुमाल वनिताताईंना धुवायला देत नसत, स्वतः धूत.

"किती राह्यलं मॅडम धानाले?" असं मला विचारत. मी म्हणे, रोवणी झाली. मग म्हणे, लोंब्या आल्या. मग म्हणे, कापणी लागली. एका शनिवारी त्यांनी मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "औंदा धान घ्याचंच नाई. धान घरी आलं का वरीस सुटलं. बोर्ड काढून टाकतो, तासावर आनतो दुकान. मडावीभाऊले सांगून ठेवा." किती महिन्यांनी त्यांचे दात दिसले होते. बाबांना सांगितलं का, असं मी विचारलं. "फोनवर नाई सांगत. घरं तोडाची गोष्ट हाय, समोर बसून सांगीन. तुमी बोलू नोका."

मी बोलले नाही. आज वाटतं, बोलायला हवं होतं.

धान घरी येऊ लागलं त्या पंधरवड्यात सायडिंगवर गाड्यांची रीघ होती, कंत्राटदारानं सुटी दिली नाही. पुरूभाऊ दोन शनिवार आले नाहीत. दुसऱ्या रविवारी सकाळी आवाजानं मी खाली आले तर दुकानासमोर बंडी उभी. वर चुंगड्या. ते पागोटंवाले आजोबा पुढे, मागे आणखी माणसं. सोमाजीबाबा खाटेवरून उठून, भिंतीला धरून दारात आले होते. सहा महिने खाटेवर असलेला माणूस. अंगात धुतलेलं धोतर.

"बाबा," मी म्हटलं, "पुरूभाऊंना विचारलंत का?"

"त्याले काय इचाराचं? धान दारात आलं हाय."

"पण तुम्हीच म्हणाला होता ना, नवी बंडी बलुत्यात नाही येत?"

"म्हन्लं होतं न," म्हातारा म्हणाला. "घेतांनी म्हन्लं होतं. आता घरं जुडले. दारात आलेलं धान वापस धाडलं का घर तुटते, मॅडम. एकदा तुटलं का पिढीभर नाई जुडत." आणि त्यांनी वही माझ्या हातात दिली. "तुमी शिकलेल्या हात. नावं लिहा."

वनिताताई दाराआड उभ्या होत्या. पदर तोंडात. सासऱ्यासमोर त्या कधी बोलल्या नव्हत्या, आणि मी भाडेकरू. मी नावं लिहिली. गेल्या वर्षीचं एकही घर गळलं नाही, वर सात नवी आली. पुरूभाऊंना हे फोनवर सांगायचं धाडस मला झालं नाही, वनिताताईंनाही नाही.

पुरूभाऊ मंगळवारी दुपारी आले. वार चुकीचा होता, म्हणूनच मी गॅलरीत धावले. बसमधून उतरले ते डोक्यावर वळकटी, हातात डबा, बादली, सगळं सामान घेऊन. काम सोडून आले होते. कंत्राटदाराशी हिशेब चुकता केला होता. रस्ता ओलांडताना त्यांनी वर बघून मला हात केला, आणि तो हात पोरासारखा हलवला.

दुकानात जायच्या आधी त्यांना जिना लागतो. जिन्यात चुंगड्या रचलेल्या होत्या, पार माझ्या दारापर्यंत.

मी अर्ध्या जिन्यात थांबले. खालून ते चुंगड्यांकडे बघत होते. सोमाजीबाबा आतून काठी टेकत आले, आणि मुलाच्या खांद्याला धरून, कापऱ्या पण फार समाधानी आवाजात म्हणाले, "एक बी घर तुटू देल्लं नाई, पुरू. एक बी नाई."

पुरूभाऊंनी वळकटी खाली ठेवली. वाकून बापाच्या पाया पडले. ते असं का वागले, हे मी तेव्हापासून पुष्कळदा स्वतःला विचारलंय. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि भिंतीकडे तोंड करून कंत्राटदाराशी बोलले. "हो सेठ. सकाळचं विसरून जा. नाई, नाई, दुसरा मानूस लावू नोका. येऊन राह्यलो मी." आवाजात खोकला होता म्हणून शेवटचं वाक्य त्यांना दोनदा म्हणावं लागलं.

वनिताताईंनी पाणी आणलं. ते उभ्यानंच प्याले. वळकटी परत डोक्यावर घेतली. दुकानातून पोरांचा आरडाओरडा ऐकू येत होता, कुणीतरी पूल ओलांडला असावा. पुरूभाऊंनी तिकडे बघितलं नाही. त्यांनी जिन्यात माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, चंद्रपूरची गाडी कितीची हाय आता?"

कोळशावरची वर्षं सोडली तर उभा जन्म त्या बसस्थानकासमोर काढलेला माणूस. प्रत्येक गाडी त्यांना हॉर्नवरून ओळखू येत असे.

"अडीचची," मी म्हटलं.

"मंग हाय टाइम," ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडून बाकावर जाऊन बसले. पुढच्या मार्चमध्ये माझी बदली झाली. अडीचची गाडी त्या दिवशी वेळेवर आली होती.